फिस्टुलाचा कागद पाच पानी, मानेतल्या नळीचा पाच ओळी

तळकोकणात महामार्गालगतच्या एका खासगी रुग्णालयातली डायलिसिसची सोय अलीकडे बरीच नावाजली जाते. दहा-बारा मशिनं, दिवसाला तीन पाळ्या, आणि महिन्यातून दोन शनिवारी फोंडा घाट उतरून येणारे रक्तवाहिन्यांचे सर्जन. हे परीक्षण मशिनांचं नाही, आरओच्या पाण्याचंही नाही आणि सर्जनच्या हाताचंही नाही. हाताची शीर जोडण्याआधी किंवा मानेत नळी घालण्याआधी माणसाला काय सांगतात, कधी सांगतात आणि सही कुणाची घेतात, एवढंच इथे तपासलं आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. जे खटकलं ते कोकणात आणि घाटावर बऱ्याच ठिकाणी आढळतं, आणि जे चांगलं आहे ते उचलायला नावाची गरज नाही.

डायलिसिसला मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिली रक्त बाहेर काढून परत आत सोडावं लागतं, तेही सलग चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा. सलाइन लावतात त्या शिरेतून एवढं रक्त येत नाही. म्हणून एक तर हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून शीर फुगवायची, तो फिस्टुला. शीर फारच बारीक असेल तर दोघींच्या मध्ये कृत्रिम नळी बसवायची, तो ग्राफ्ट. नाहीतर मानेतून किंवा जांघेतून थेट मोठ्या शिरेत कॅथेटर सोडायचं. मनगटावरचा फिस्टुला ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कहून जगासमोर मांडला, आणि शिरा बऱ्या असलेल्या बहुतेकांसाठी पहिली पसंती आजही त्यालाच.

आधी चांगलं ते. इथे फिस्टुलाची सही एका भेटीत घेत नाहीत. पहिल्या शनिवारी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होतं, सर्जन हात बघतात, मग समुपदेशक ताई (पूर्वी डायलिसिस युनिटमध्येच काम केलेल्या) अर्धा तास बसून पाच पानी कागद वाचून दाखवतात आणि कागद घरी देतात. सही सर्जनच्या पुढच्या फेरीच्या शनिवारी, शस्त्रक्रियेच्या सकाळी, प्रश्न विचारून झाल्यावर. म्हणजे मध्ये दोन आठवडे मिळतात. फिस्टुला ही तातडीची गोष्ट नव्हे, त्यामुळे हे दोन आठवडे देण्यात कुणाचं काही जात नाही. तरीही हिरवा गाऊन चढवलेल्या माणसापुढे स्ट्रेचरवरच पॅड धरायची पद्धत सगळीकडे सर्रास आहे. इथे ती मोडली, याचे गुण पूर्ण द्यायला हवेत.

डॉपलरची खोलीही बघण्यासारखी आहे, कारण समजावणी खरी तिथे सुरू होते. रुग्णाला खुर्चीत बसवून हात खाली सोडायला लावतात, दंडाला पट्टा बांधतात आणि दोन-तीन मिनिटं थांबतात, म्हणजे शीर भरते. मग प्रोब मनगटापासून वर सरकवत नेतात. शीर दोन ते अडीच मिलिमीटरपेक्षा आणि धमनी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर मनगटाचा फिस्टुला टिकायची शक्यता कमी, हे आकडे पडद्यावर दिसत असतानाच मराठीत सांगितले जातात. जिथे शीर चांगली आहे तिथे त्वचेवर पेनाने रेघ ओढतात. आपल्या हातावरची निळी रेघ मध्येच कुठे तुटते हे बघितलेल्या माणसाला ‘मनगटाला जमणार नाही, कोपराला करावं लागेल’ हे वाक्य वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मधुमेहाच्या रुग्णांत धमनीच्या भिंतीत चुना बसलेला असतो. तोही पडद्यावर पांढऱ्या रेषांसारखा दाखवतात.

हात कुठला, हा प्रश्न पुस्तकात सोपा आहे: ज्याने लिहीत-जेवत नाही तो, म्हणजे बहुतेकांचा डावा. डायलिसिसचे चार तास तो हात हलवता येत नाही, मग कामाचा हात मोकळा राहिलेला बरा. कोकणात मात्र हे गणित कामाप्रमाणे फिरतं, आणि इथल्या ताई ते विचारतात. माडा-पोफळीवर चढणारा माणूस उजव्या हातात कोयता धरतो खरा, पण झाडाला मिठी डाव्या हाताची असते. कोपराचा फिस्टुला नेमका त्या मिठीत खोडावर घासणार. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा) दोर ओढणारे दोराचा वेढा मनगटाला घेतात. त्यांच्या मनगटाच्या फिस्टुलावर तो वेढा म्हणजे रोजचा टुर्निकेट, रक्त अडवणारा आवळपट्टा. लावणीला मुठीत रोपांची जुडी धरून दिवसभर चिखलात उभं राहायचं, तर ओल्या टाक्यांचं काय? यातलं काही ‘करू नका’ एवढं म्हणून संपत नाही. एका आजोबांनी समुपदेशनात विचारलेला प्रश्न असा होता: “डावो हात गेलो तर माडार चढतलंय कसो?” त्यांना चढणं बंद हेच उत्तर मिळालं, पण ते सहीच्या आधी मिळालं. काम सुटणार असेल तर ते फिस्टुलाच्या किमतीतच धरायला हवं, आणि किंमत आधी कळायला हवी.

बायकांसाठी कागदात बांगड्यांचा वेगळा उल्लेख आहे. घट्ट चुडा, पाटल्या, घड्याळ, त्या बाजूच्या खांद्यावर अडकवलेली जड पिशवी, यातलं काहीही त्या हाताला नको. लग्नसराईत हिरवा चुडा भरताना कासारीण हात आवळून धरते, तेव्हा कुठला हात पुढे करायचा हे घरच्या बाकीच्या बायकांनाही ठाऊक असलेलं बरं. असं बारीक काही छापील संमतीपत्रात सापडणं विरळा.

दुसऱ्या पानावर शस्त्रक्रियेचा दिवस आहे. झोपवत नाहीत, हात बधिर करतात. एक तर जागेवर लिग्नोकेन, नाहीतर खांद्याजवळ ब्लॉक, म्हणजे सगळ्या हाताच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन. ब्लॉक दिला तर हात काही तास लुळा राहतो आणि तो पूर्ववत होतो, हे लिहिलं आहे, हे बरं, नाहीतर पहिल्या रात्री घरात रडारड ठरलेली. तीन-चार सेंटिमीटरचा छेद, शिरेचं टोक धमनीच्या कुशीला केसाएवढ्या बारीक धाग्याने शिवतात, वेळ एक ते दोन तास. टाके दहा ते चौदा दिवसांनी. टेबलावरून उतरायच्या आत सर्जन रुग्णाचीच बोटं जोडावर ठेवून थ्रिल दाखवतात. यांत्रिक होडीच्या फळीवर तळहात ठेवला की इंजिन कसं जाणवतं, तशी ती थरथर लागते. ही थरथर रोज सकाळ-संध्याकाळ चाचपायची, आणि थांबली तर तास मोजायचे, उद्या बघू म्हणायचं नाही. गुठळी जितकी ताजी तितका फिस्टुला वाचायची आशा जास्त.

तिसरं पान धोक्यांचं, आणि ते लपवाछपवी न करता लिहिलेलं आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सूज, गुठळी. मग फिस्टुला हाताचं रक्त ‘चोरतो’ तो प्रकार: बोटं गार पडतात, बधिर होतात, मशिनवर असताना हात ठणकतो, फार झालं तर बोटाच्या टोकाला जखम होते. मनगटाच्या फिस्टुलात हे शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं, कोपराच्या फिस्टुलात पाच-दहा जणांना. मधुमेही आणि वयस्कर माणसांत जास्त. कोपराचा जोड लवकर फुगतो आणि सुई टोचायला सोपा असतो हे सगळे सांगतात, त्याची ही दुसरी बाजू सांगायची बहुधा राहून जाते.

इथपर्यंत सगळं छान. पण त्याच पानावरच्या एका ओळीवर थांबावं लागतं: ‘काही रुग्णांत फिस्टुला तयार होत नाही.’ काही म्हणजे किती? प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हा आकडा २० पासून ६० टक्क्यांपर्यंत सापडतो. पसारा एवढा मोठा, कारण कोण कशाला ‘तयार’ म्हणतं आणि रुग्ण कोणत्या वयाचे, किती मधुमेही, यावर तो ठरतो. तयार फिस्टुलाची ढोबळ कसोटी सहाच्या पाढ्यासारखी सांगतात: सहा आठवड्यांनी शीर निदान ६ मिलिमीटर रुंद, त्वचेखाली ६ मिलिमीटरपेक्षा खोल नाही, आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिली. ही कसोटी कागदात आहे. नाही ते एवढंच, की याच सर्जननी गेल्या वर्षी केलेल्या फिस्टुलांपैकी किती या कसोटीला उतरले. रुग्णाला जगाची सरासरी सांगून फारसं काही हाती लागत नाही. त्याचा हात ज्यांच्या हातात जाणार त्यांचा आकडा हवा. युनिटकडे नोंदवही आहे, पहिली सुई कधी टोचली ती तारीखही तिच्यात असते. बेरीज करायची तेवढी राहिली आहे.

याला जोडून दुसरी गोष्ट. संमती एका शस्त्रक्रियेची घेतात, पण प्रत्यक्षात रुग्ण एका साखळीत शिरतो. शीर फुगली नाही तर फुग्याने रुंद करणं, ती खोल असेल तर वर उचलून आणणं, दंडाच्या आतल्या बाजूची शीर वापरली तर बहुतेक वेळा दोन टप्प्यांत दोन शस्त्रक्रिया, आणि हे सगळं होईपर्यंत मानेतली नळी. फुग्याचं काम या रुग्णालयात होत नाही. त्यासाठी कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. पाच पानांत हे कुठेच नाही. दुसऱ्या टप्प्याला गाव सोडावं लागेल, घाट चढावा लागेल, एक माणूस सोबत न्यावा लागेल, हे पहिल्या सहीआधीच सांगायला हवं. नंतर कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं आणि अर्धवट फिस्टुला हातात घेऊन ते वर्षभर नळीवर काढतात.

चौथं पान पर्यायांचं आहे. ग्राफ्टबद्दल नीट लिहिलं आहे: दोन ते चार आठवड्यांत वापरता येतो, पण जंतुसंसर्ग आणि गुठळी फिस्टुलापेक्षा जास्त. कॅथेटरही आहे. पोटाचं डायलिसिस मात्र नाही! घरच्या घरी दिवसातून तीन-चार वेळा साधारण दोन लिटर पाणी पोटात सोडून काढायचं, मशिन नाही, सुई नाही, फिस्टुलाही नाही. ते सगळ्यांना जमत नाही. स्वच्छ जागा हवी, शिकणारा माणूस हवा, पिशव्यांचा साठा हवा, आणि पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. पण देवगडच्या आतल्या वाडीतून तीन गाड्या बदलून आठवड्यातून तीनदा येणाऱ्याला हा पर्याय आहे एवढं तरी माहीत हवं. रुग्णालयात ती सोय नसेल तर ‘इथे होत नाही, अमुक ठिकाणी होते’ असं लिहावं. सोय नाही म्हणून पर्यायच नाही, असं दाखवणं बरोबर नाही. प्रत्यारोपणाचा विषयही याच पानावर एका ओळीत यायला हरकत नव्हती.

आता मानेतली नळी. इथे हे रुग्णालय आणि फिस्टुलाचं रुग्णालय एकच का, असा प्रश्न पडतो.

कॅथेटरसाठी वेगळा कागदच नाही. भरतीच्या अर्जाच्या मागच्या बाजूला पाच ओळी आहेत: ‘डॉक्टरांना आवश्यक वाटतील त्या सर्व तपासण्या, प्रक्रिया व शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.’ खाली तीन चौकोन: मान, कॉलर बोनखाली, जांघ. पाहिलेल्या कोऱ्या नमुन्यावर तिन्ही चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच छापलेल्या आहेत.

त्या खुणांनी काय बिघडतं ते सांगायला हवं. कॉलर बोनखालच्या शिरेत नळी राहिली की ती शीर आतून आकसण्याचा धोका बराच असतो. आकसलेली शीर त्याच बाजूच्या हाताचं रक्त अडवते. पुढे त्या हाताला फिस्टुला केला तर हात दंडापर्यंत सुजतो आणि जोड वाया जातो. म्हणून पहिली पसंती उजव्या बाजूच्या मानेची, तिथून हृदयापर्यंतची वाट सरळ आहे. जांघेतली नळी थोड्या दिवसांसाठी, आणि तीही पुरेशी लांब, निदान २० सेंटिमीटर, नाहीतर तेच रक्त फिरून फिरून मशिनमध्ये येतं. कॉलर बोनखाली अगदी नाइलाज असेल तरच. म्हणजे ज्या चौकोनावर खूण आपोआप पडते, त्याच चौकोनाची वेगळी परवानगी मागायला हवी. सर्जन येऊन डावा हात राखून ठेवणार, आणि त्याच्या महिनाभर आधी रात्रपाळीत कुणीतरी डाव्याच बाजूला नळी घालून मोकळं होणार, हे एकाच इमारतीत घडू शकतं.

बचाव ठरलेला असतो: इमर्जन्सी होती. ती असते, हे नाकारता येणार नाही. पोटॅशियम वाढलेलं, फुप्फुसात पाणी, माणूस बसल्या जागी धापा टाकतोय, शुद्ध धड नाही. जीव वाचवायला संमतीची वाट बघायची नसते, कायदाही ते म्हणत नाही. पण सगळ्याच नळ्या अशा रात्री पडत नाहीत. बरेच जण क्रिएटिनिन (किडनी किती मंदावली ते सांगणारा रक्तातला आकडा) सात-आठ असताना चालत येतात, दोन दिवस भरती राहतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना नळी घालतात. तेव्हा अर्धा तास नसतो असं नाही. आणि रात्री घातली असेल, तर सकाळी माणूस शुद्धीवर आल्यावर ‘काय केलं, का केलं, आता पुढे काय’ हे सांगायला कोणती इमर्जन्सी आडवी येते? केसपेपरवर त्याची एक ओळ हवी. तपासलेल्या पद्धतीत ती जागाच नाही.

नळीच्या कागदात काय असायला हवं, ते इतकं काही अवघड नाही. सोनोग्राफीखाली घालणार की नुसत्या अंदाजाने. धमनीला सुई लागणं, फुप्फुसाला भोक पडून हवा साठणं, तारेमुळे हृदयाचे ठोके चुकणं, नळीतून हवा शिरणं, आणि नंतरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, नळीतला जंतुसंसर्ग. नळी तात्पुरती की परमकॅथ, म्हणजे जास्त दिवस ठेवायची. तात्पुरती असेल तर दोन आठवड्यांच्या आत काढायची किंवा बदलायची. परमकॅथला त्वचेखाली एक कापडी कफ असतो, त्याच्याभोवती मांस धरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर नळी ओढली तर सरळ बाहेर येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काढायची तारीख. अंदाजे का होईना, पण लिहिलेली. ती नसल्यामुळेच ‘थोड्या दिवसांची’ नळी चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत मानेत राहते आणि मग पालखी खांद्यावर घ्यायची की नाही, हा प्रश्न घरात निघतो. (घ्यायची नाही.)

कोकणच्या हवेचा एक वेगळा पोटप्रश्न आहे. एप्रिल-मेच्या घामात नळीवरची पट्टी दोन दिवसांत कडेने सुटते. पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, पट्टी कुठून कोरडी राहणार? डोक्यावरून तांब्या घेऊन आंघोळ, व्हाळात बुडी, समुद्रस्नान, सगळं बंद. पट्टी भिजली तर घरी उघडायची नाही, युनिटला यायचं. वस्तीची गाडी चुकली तर काय, याचं उत्तर आज तोंडी मिळतं, कागदावर मिळत नाही. नळीच्या लाल-निळ्या फाट्यांवर प्रत्येकी किती मिली हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरायचं तो आकडा छापलेला असतो, साधारण सव्वा ते दीड मिलीच्या आसपास. त्या टोप्या गावातल्या दवाखान्यात कुणालाही उघडू द्यायच्या नाहीत, सलाइनसाठी तर मुळीच नाही. हे वाक्य मात्र ठळक टायपात डिस्चार्ज कार्डावर आहे. शाबास.

सहीचा प्रश्न. कायद्याची वाट २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या निकालाने स्पष्ट केली आहे. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन पुढची मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने, जीव धोक्यात नसताना, दुसरा कुणी हो म्हणू शकत नाही. एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. प्रक्रिया काय, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि नाही म्हटलं तर काय होईल, हे सांगणं डॉक्टरांचं काम. वरच्या त्या पाच ओळी या मापाने तोकड्या पडतात, यासाठी वकील लागत नाही.

पण कोकणातला खरा पेच निकालात सापडत नाही. मुलगा मुंबईला. आई-वडील दोघंच घरी. कागद पुढे आला की वडील म्हणतात, झिलाला फोन लावा, आणि स्टाफही खूश, कारण फोनवरच्या झिलाला प्रश्न कमी असतात. तो लोकलमध्ये उभा राहून ‘डॉक्टर म्हणतायत ना, मग करा’ म्हणतो आणि शेजारचा भाचा सही ठोकतो. या रुग्णालयात फिस्टुलाच्या बाबतीत ताई ही पद्धत थोपवतात: फोन स्पीकरवर ठेवायचा, मुलाला ऐकू द्यायचं, पण बोलायचं वडिलांशी आणि सही वडिलांची. समजलं का, असं न विचारता ‘काका, आता तुम्ही मला सांगा, हातात काय करणार आहेत?’ असं विचारतात. काकांनी आपल्या शब्दांत सांगितलं की पुढे. ‘रगताची मोरी बांधतले’ असं उत्तर आलं तरी चालतं, कारण ते चुकीचं नाही. कॅथेटरच्या वेळी मात्र रात्रपाळीला ताई नसतात आणि भाच्याचीच सही असते.

अंगठा लावणाऱ्यांसाठी साक्षीदाराची रेघ आहे, तिथे बहुतेक वेळा वॉर्डबॉयचं नाव दिसतं. साक्षीदार रुग्णालयाच्या पगारावरचा नसावा, एवढा साधा संकेत पाळता येईल. एचआयव्ही तपासणीचं कलमही त्या पाच ओळींतच ‘सर्व तपासण्या’मध्ये गुंडाळलेलं आहे. डायलिसिसआधी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासतात हे योग्यच, पण एचआयव्ही तपासणीला माहिती देऊन घेतलेली संमती २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती वेगळी मागावी लागेल.

शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा ठीक. सहा आठवड्यांनी डॉपलर, पहिली सुई बारीक, १७ गेजची, आणि पहिल्या काही वेळा अनुभवी तंत्रज्ञच टोचतो. त्याच त्या जागी टोचत राहिलं तर फुगा येतो, म्हणून जागा बदलत, शिडीच्या पायऱ्यांसारखं वर सरकत जायचं, हे रुग्णालाही शिकवतात, म्हणजे घाईतल्या तंत्रज्ञाला तो स्वतः हटकू शकतो. फुग्यावरची त्वचा पातळ, चकचकीत झाली किंवा खपली भरत नसेल तर ते दाखवण्याचं लक्षण. रक्त उसळलं तर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, नेमक्या भोकावर बोट दाबून हात वर धरायचा.

खर्चाचा कागद वेगळा आहे आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते योजनेच्या खिडकीवर सांगतात. यावर तक्रार नाही. संमतीपत्राची प्रत मागितली तर ‘नंतर या’ म्हणतात, यावर आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. लेखी अर्ज केला की मिळतात, असं दिसलं. तेव्हा तोंडी विनंतीत वेळ घालवू नये.

गुणच द्यायचे तर फिस्टुलाच्या समजावणीला पाचापैकी चार. अर्धा सर्जनच्या आकड्याचा कापला, अर्धा पोटाच्या डायलिसिसचा. कॅथेटरच्या समजावणीला एक, तोही डिस्चार्ज कार्डावरच्या त्या ठळक वाक्यासाठी. किडनी हळूहळू मंदावत असलेल्या आणि अजून मशिन न लागलेल्या माणसाने इथे जरूर जावं, शक्यतो डायलिसिसची गरज पडण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे पाच पानी कागद वाट्याला येईल आणि पाच ओळींवर वेळ यायची नाही. तोवर डाव्या हाताची शीर कुणालाही टोचू देऊ नका, तपासणीला रक्त द्यायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूने.

शनिवारी जाणार असाल तर आधीच्या सगळ्या नळ्या कोणत्या बाजूला होत्या ते कागदावर लिहून न्या, पेसमेकर असेल तर तोही. हाताला तेल लावून जाऊ नका, पेनाची रेघ टिकत नाही. डायलिसिस सुरू असेल तर मशिनवरून उतरल्या उतरल्या डॉपलर करून घेऊ नका, अंगातलं पाणी काढलेलं असल्याने शिरा आहेत त्याहून बारीक दिसतात. आणि सोनोग्राफीच्या खोलीत एसी कडक असतो, गार हातातल्या शिरा आकसतात. आत जाण्याआधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात धरायला मागा. बादली दाराबाहेरच असते.